अमेरिकन साहित्यावरच्या उत्तरात थीम आणि टेक्निक कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' या कथेवर आधी सारांश, मग थीम, मग टेक्निक असं सगळं लिहूनही 'यात समीक्षा कुठे आहे?' असा शेरा का मिळतो. माझ्या मते घोळ या वाटणीतच आहे. गोष्ट जशी सांगितली आहे तशीच का सांगितली, या प्रश्नाला हात घातल्याशिवाय समीक्षा सुरूच होत नाही.

तुमचीच कथा घेऊ. 1927 सालची. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातलं स्टेशन, बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारी गाडी यायला 40 मिनिटं अवकाश. एक अमेरिकन पुरुष आणि जिग नावाची मुलगी बिअर पीत बसलेत. तो तिला गर्भपातासाठी राजी करू पाहतोय, पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही.

गाइडमध्ये इथे हमखास 'आइसबर्ग थिअरी' येते. 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात (1932) हेमिंग्वे म्हणतो की हिमनगाचा फक्त आठवा भाग पाण्यावर असतो, तसंच लेखनातलं बरंचसं न सांगता खाली राहतं. बहुतेक जण हे उतरवून पुढे सरकतात. खरं काम तिथूनच सुरू होतं. काय बोललं गेलं नाही, आणि त्याचा फायदा कोणाला, हे विचारा. पुरुष म्हणत राहतो, 'अगदी साधी गोष्ट आहे', 'तुला नको असेल तर नको करूस'. निवेदक त्याच्याबद्दल बरं-वाईट काहीच बोलत नाही. त्यामुळे ही वाक्यं सुटी वाचली तर समंजस वाटतात, एकापाठोपाठ वाचली की दडपण जाणवायला लागतं. मग मुलगी एका दमात सात वेळा 'प्लीज' म्हणून त्याला गप्प बसायला सांगते. इतक्या काटकसरीने लिहिणाऱ्या माणसाने एकच शब्द ओळीने सात वेळा छापलाय! ती वैतागली आहे असं निवेदकाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक जागा विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटते. मुलीला स्पॅनिश येत नाही. बारच्या दाराला लावलेल्या पडद्यावर काय रंगवलंय, हॉटेलवाली बाई काय म्हणाली, सगळं ती त्याला विचारते. गाडी पाच मिनिटांत येतेय हेही तिला त्याच्याकडूनच कळतं. परक्या मुलखात ती त्याच्यावर किती अवलंबून आहे, हे एकही विशेषण न वापरता दिसतं. मला या कथेत सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, आणि एवढ्या निरीक्षणावर एक भक्कम परिच्छेद उभा राहतो.

शेवटी ती 'मी ठीक आहे' म्हणते. ती काय करणार याचा निकाल कथा देत नाही, तुम्हीही देऊन टाकू नका. लेखकाचं चरित्र एका ओळीत उरका. 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्रात बातमीदारी करताना छोटी वाक्यं लिहायचा नियम त्याच्या अंगवळणी पडला, एवढं पुरे.

हीच नजर मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' या कादंबरीलाही लावा. 'गुलामगिरीचा निषेध' ही थीम लिहून मोकळं होऊ नका. 31व्या प्रकरणात पळालेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा कळवणारं पत्र हक हा पोरगा फाडून टाकतो, आणि आता आपण नरकात जाणार अशी त्याची खात्री असते. गुलामगिरी मानणाऱ्या समाजाने त्याला पाप-पुण्य शिकवलंय, म्हणून आपलं सगळ्यात चांगलं कृत्य त्याला पाप वाटतं. गोष्ट त्या पोराच्याच तोंडून येते, म्हणून हे वाचकाला दिसतं आणि हकला दिसत नाही. शहाण्या प्रौढाने सांगितली असती तर गोष्टीचं भाषण झालं असतं.

आता तुमचं पहिलं वाक्य बदलून बघा. 'संवादाचा अभाव ही या कथेची थीम आहे' याऐवजी 'निवेदक बाजूला राहतो, म्हणून पुरुषाच्या समजुतीच्या बोलण्यातली जबरदस्ती वाचकाला स्वतः ओळखावी लागते' असं लिहा. हे वाक्य कोणी खोडूनही काढू शकेल, त्यामुळे ते टिकवायला तुम्हाला ओळीओळीने कथेकडे परत जावंच लागेल.