बाळसे धरेपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझा नातू साडेतीन महिन्यांचा आहे. जन्मतः वजन 3 किलो होते आणि पहिले दोन महिने तो छान अंगावर पीत होता. पुढे पिताना मध्येच थांबून कळवळून रडू लागला, कपाळ घामाने भिजू लागले. आधी पोटदुखी समजून घुटी दिली, मग न्यूमोनिया म्हणून इंजेक्शने झाली. आता टू-डी इको आणि सीटी स्कॅननंतर हृदयाची डावी रक्तवाहिनी चुकीच्या जागी जोडलेली असल्याचे निदान झाले असून, पुण्याला नेऊन तातडीने शस्त्रक्रिया करावी, असे सांगितले आहे. वजन जेमतेम 4 किलो आहे. शेजारच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होते, तिला वजन वाढेपर्यंत थांबवले होते. म्हणून बाळाने बाळसे धरल्यावर, गड्ड्याची यात्रा आटोपून जावे, असे घरात चालले आहे. सूनबाईंनी ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, असेही बोलले जाते.
— एक आजोबा, सोलापूर

उत्तर : आजोबा, थांबू नये. काही छिद्रे वाढत्या वयात लहान होतात किंवा आपोआप बुजतात, त्यामुळे त्या मुलीच्या बाबतीत थांबणे योग्यच असेल. पण आपल्या नातवाचा दोष वेगळा आहे. त्याला डॉक्टर ‘अल्कापा’ म्हणतात आणि तो साधारण 3 लाख जन्मांमागे एका बाळात आढळतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही करोनरी वाहिन्या महाधमनीतून, म्हणजे हृदयातून शरीराला शुद्ध रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतून, निघायला हव्यात. या बाळांमध्ये डावी वाहिनी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. गर्भात दोन्ही धमन्यांतील दाब जवळपास सारखा असल्याने काही बिघडत नाही, म्हणूनच बाळ चांगल्या वजनाचे जन्मले. जन्मानंतर काही आठवड्यांत फुफ्फुसधमनीतला दाब उतरतो, डाव्या वाहिनीला पुरेसे रक्त मिळेनासे होते, आणि उजवीकडून तिच्यात येणारे रक्तही स्नायूला न पोहोचता उलट फुफ्फुसधमनीत निसटते. दूध ओढणे हा तान्ह्या बाळाचा सर्वांत मोठा व्यायाम. त्या श्रमात थोरांच्या छातीत कळ यावी तसेच त्याचे होते. ही कळ पोटदुखी वाटणे स्वाभाविक आहे, घुटी दिली म्हणून मनाला लावून घेऊ नये. परंतु स्नायू असा उपाशी असताना वजन वाढणार कसे? शस्त्रक्रियेविना यातील बहुतेक बाळे वर्षही पुरे करत नाहीत.

शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनच्या, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या, आधाराने त्या वाहिनीचे तोंड भोवतालच्या भित्तिकेच्या छोट्या चकतीसह कापून महाधमनीला शिवतात आणि फुफ्फुसधमनीतील खाच ठिगळाने बुजवतात. जोडणी झाली तरी थकलेले हृदय लगेच जोमाने चालत नाही; व्हेंटिलेटरवर काही दिवस जातात, क्वचित हृदयाला विसावा देणाऱ्या यंत्राचा आधार द्यावा लागतो किंवा छाती एक-दोन दिवस उघडी ठेवतात. ते दृश्य पाहून घाबरू नये. जोखीम आहेच, ती शल्यविशारदांना स्पष्ट विचारावी. मात्र या वयातील स्नायूची सावरण्याची ताकद विलक्षण असते: बहुतेक बाळांचे हृदय काही महिन्यांत पुष्कळ सुधारते आणि स्नायू दुबळा झाल्याने हृदयाच्या डाव्या झडपेतून होणारी रक्ताची गळतीही अनेकदा कमी होते. पुढील तपासण्या मात्र आयुष्यभर कराव्या लागतात.

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हृदयाची जडणघडण गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच होते आणि हा दोष आईच्या कोणत्याही चुकीने होत नाही. सूनबाईंना हे घरातल्या वडीलधाऱ्याने, म्हणजे आपणच, सर्वांसमोर सांगावे.

खर्चासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी आजच करावी आणि पुण्यातील रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, आधीच विचारून घ्यावे. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला आणि इको-सीटीचे अहवाल सोबत असू द्यावेत. पुणे सुमारे 250 किलोमीटर दूर आहे. रात्रीच्या एसटीने न जाता, डॉक्टर सोबत असलेल्या रुग्णवाहिकेने न्यावे आणि वाटेत दूध किती व केव्हा पाजायचे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.