पिशवी काढण्याआधी थायरॉईड तपासा

प्रश्न : माझं वय ३८, तीन लेकरं आहेत. धारूर तालुक्यातून आम्ही नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जातो. वर्षभरापासून पाळी आली की दहा-दहा दिवस अंगावर जातं, गाठी पडतात. वजन वाढलं, केस गळतात, उन्हाळ्यातही रात्री गोधडी लागते. एका दवाखान्यात सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका’ म्हणाले. मुकादमाची उचल घेतलेली आहे, दिवाळीनंतर निघायचंय. त्याआधी काढून घेऊ का?

उत्तर : ताई, आधी थांबा. ‘सूज आहे’ एवढ्यावर पिशवी काढायची नसते. तुमचं पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा थायरॉईडच आला. पाळीच्या तक्रारीखाली तुम्ही गोधडीचं लिहिलंत, ते फार बरं केलंत; उन्हाळ्यातही थंडी वाजणं हे थायरॉईड मंदावल्याचं लक्षण असू शकतं.

गळ्यातल्या या ग्रंथीचं काम मंदावलं की काही बायकांत स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं आणि सुटतं तेव्हा गाठींसकट सुटतं. रक्त गोठवणारे काही घटकही कमी पडतात, म्हणून रक्त लवकर थांबत नाही.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा. सोनोग्राफीचा कागद सोबत न्या. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासा, गरोदर नसल्याचीही खात्री करून घ्या. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा, हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावं.

थायरॉईड निघाला तर रोजची गोळी लागेल. ती उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. फडावर पहाटेच चूल पेटते आणि आधी चहाच होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून गोळीची पट्टी उशाशी ठेवा. आणखी एक, रक्तवाढीची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एका घोटात घेणाऱ्या बायका मी नेहमी बघते, आणि मग थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा. पाळी ताळ्यावर यायला काही महिने लागतात; तोवर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात.

रिपोर्ट चांगला आला तर पिशवीतली गाठ, अस्तराचा दोष अशी दुसरी कारणं शोधावी लागतील. काहींना ऑपरेशन खरंच लागतं, पण तो निर्णय दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून मगच घ्या. ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे ऐकून माझा जीव तुटतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत अंडाशयंही गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात; मग मोळी उचलायची कशी?

दर तासाला कापड भिजू लागलं किंवा चक्कर आली, तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.