येशूविषयी इतरांना सांगणं हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे का? स्वभाव संकोची असेल तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की जवळच्या मित्राशी विश्वासाबद्दल बोलावंसं वाटतं, पण जीभ रेटत नाही आणि मग अपराधी वाटत राहतं. हे काम पाळकांचं की आपलंही, असा तुमचा प्रश्न आहे.

आपलंही आहे. मत्तय २८:१९ मधली ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ ही आज्ञा अकरा शिष्यांना दिली गेली हे खरं, पण पुढच्याच वचनात येशू सांगतो की मी आज्ञापिलेलं सगळं त्यांना पाळायला शिकवा. म्हणजे ही आज्ञासुद्धा नव्या शिष्यांकडे जातेच. प्रेषितांची कृत्ये ८ उघडून पाहा. छळ सुरू झाल्यावर प्रेषित यरुशलेमेतच राहिले. पांगले ते बाकीचे विश्वासणारे, आणि जातील तिथे तेच वचन सांगत गेले. इफिसकरांस ४:११ मधलं सुवार्तिकाचं, म्हणजे येशूविषयीची सुवार्ता जाहीरपणे सांगण्याचं खास दान मात्र काहींनाच असतं. हा फरक लक्षात न घेतल्याने कितीतरी जण आपल्याला चारचौघांत उपदेश करता येत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसतात. तुम्ही तो दोष घेऊ नका. मित्राचं मन पालटणंही तुमच्याकडे सोपवलेलं नाही. १ करिंथ ३:६ मध्ये प्रेषित पौल स्वतः लावणाऱ्याचं श्रेय घेतो, वाढवणारा देव म्हणतो.

आता प्रत्यक्ष तयारी. आधी आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, कागदावर लिहून काढा. नमुना म्हणून कृत्ये २६ घ्या, अग्रिप्पा राजासमोरचं पौलाचं भाषण. ४ ते ११ वचनांत तो आधी कसा होता, १२ ते १८ मध्ये येशू कसा भेटला, १९ ते २३ मध्ये पुढे काय झालं. तुमचेही तीनच भाग करा, मिळून साधारण तीनशे शब्द. बोलायला तीनेक मिनिटं लागतात. बहुतेकांचा पहिला भाग फुगतो. जुन्या पापांचं वर्णन रंगत जातं आणि येशूच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं येतात. दुसरी चूक शब्दांची. ‘माझं तारण झालं’, ‘रक्ताने धुतला गेलो’ हे मंडळीत सगळ्यांना कळतं, बाहेरच्याला नाही. त्याऐवजी ‘माझ्या अपराधांचा भार येशूने स्वतःवर घेतला हे मला उमगलं’ असं सरळ म्हणा.

तिसरी चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. साक्ष ‘मन शांत झालं, अडचण सुटली’ इथेच संपते. मनःशांती मित्राला दुसरीकडेही मिळत असेल, आणि उद्या तुमच्यावर संकट आलं की ती साक्षच डळमळते. सुवार्तेचा गाभा १ करिंथ १५:३-४ मध्ये आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. हे तुमच्या तीन मिनिटांत आलंच पाहिजे.

बोलणं सुरू करताना कृत्ये ८ मधला फिलिप्प डोळ्यासमोर ठेवा. एक कूशी अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता. फिलिप्पाने फक्त विचारलं, वाचताय ते समजतं का? त्याने बोलावल्यावर शेजारी जाऊन बसला, आणि तो वाचत होता त्याच उताऱ्यापासून सुरुवात केली. तेव्हा मित्राचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा, आणि भेटलात की त्याच्या मनात काय चाललंय ते विचारून नीट ऐका.

त्याला रस वाटला तर वाद घालण्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान दोघांनी मिळून वाचा, असं मी आग्रहाने सांगेन. सोळा अध्याय आहेत. एका बैठकीला दोन धरले तर आठ बैठका. दर वेळी दोनच प्रश्न पुरेत: इथे येशू कसा दिसतो, आणि तुला काय खटकलं? चौथ्या बैठकीत ८:२९ येतं, ‘तुम्ही मला कोण म्हणता?’ तिथे घाई करू नका, त्याला वेळ द्या. उत्तर येत नसेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणा, आणि पुढच्या बैठकीला खरंच सांगा.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. त्याच्या श्रद्धेची टवाळी नको. कृत्ये १९:३७ मध्ये इफिसचा नगरलेखक साक्ष देतो की पौलाच्या सोबत्यांनी तिथल्या देवीची निंदा केलेली नाही. मदत करायची तर बिनशर्त करा. हाताखालचा माणूस, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलं, यांना आपल्याला ‘नको’ म्हणणं अवघड जातं, म्हणून तिथे दुप्पट जपा. पौलाने २ करिंथ ४:२ मध्ये कपटाने वागणं साफ नाकारलंय.

आणि मित्र ‘नको’ म्हणाला तर थांबा. मार्क १० मधला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला, येशूने त्याच्यावर प्रीती केली होती तरी त्याला अडवलं नाही. तुम्ही मैत्री आधीसारखीच ठेवा, विषय स्वतःहून काढू नका. त्याने कधी आपणहून विचारलं तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे उत्तर तयार असू द्या, सौम्यतेने आणि आदराने.