पार्टनर लंडनला गेला तरी क्लेम सांगलीतच लढायचाय

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मालकांची लाइफ पॉलिसी मार्च 2018 ची, 2021 चा हप्ता थकला तो डिसेंबरात व्याजासकट भरला, ऑगस्ट 2024 ला ते हार्ट अटॅकनं गेले आणि आता जानेवारी 2025 च्या पत्रानं कंपनी म्हणते शुगर लपवली, क्लेम नामंजूर. वर एजंट सांगतोय कंपनीचा परदेशी पार्टनर शेअर विकून गेला, दाद मागायची तर लंडनला जा.

ताई, ते लंडन आधी डोक्यातनं काढा. बाहेरच्या कंपनीला आपल्याकडं लाइफ पॉलिसी थेट विकताच येत नाही, इथं रजिस्टर झालेली कंपनी लागते, त्यांचा असतो तो त्या कंपनीतला हिस्सा, तो आधी 26 टक्क्यांपर्यंत चालायचा, 2015 ला 49, 2021 ला 74 झाला. उदाहरण घ्या, 1919 ला शांघायमध्ये सुरू झालेली अमेरिकन विमा कंपनी एआयजी 2008 ला बुडायला आली, अमेरिकेच्या फेडनं (तिथल्या मध्यवर्ती बँकेनं) 85 अब्ज डॉलरचं कर्ज देऊन सावरली, पुढं तिचा आशियातला धंदा एआयए म्हणून वेगळा झाला आणि आपल्याकडची टाटा एआयजी लाइफ टाटा एआयए झाली, पण जुन्या पॉलिसी चालूच राहिल्या. पाटी बदलली म्हणून करार मोडत नाही.

खरी गोम त्या डिसेंबरच्या पावतीत आहे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणं तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कुठल्याच कारणानं बोट ठेवता येत नाही, फसवणूक म्हणून पण नाही, मात्र पॉलिसी लॅप्स होऊन (हप्ता थकून बंद पडून) रिव्हायव्हल झाली, म्हणजे परत चालू केली, की ही तीन वर्षं तिथनं परत मोजतात. म्हणजे तुमची मुदत डिसेंबर 2024 ला संपली. कंपनी म्हणेल मृत्यू त्याआधीचा आहे. माझ्या मते कायद्यात मृत्यूची तारीख नाहीच, पॉलिसीवर हरकत कधी घेतली ते बघायचं. डिसेंबर 2024 च्या आधीच हरकतीचं एखादं पत्र आलं असेल तर मात्र गाडं अवघड, कारण फसवणूक नव्हती हे वारसांनाच दाखवावं लागतं. रिव्हायव्हलच्या वेळी तब्येतीचा फॉर्म एजंटनं भरून नुसती सही घेतली होती का? त्याची झेरॉक्स कंपनीकडं लेखी मागा, पोच घ्या.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं अर्ज टाका, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. एक वर्षाची मुदत, 50 लाखांपर्यंत भरपाई, फी नाही आणि वकील तर चालतच नाही (हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतोय). नाहीतर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांत, पण दोन्हीकडं एकदम जाऊ नका.

आणि जानेवारीचं ते पाकीट फेकलं नाही ना? हरकत मुदत संपल्यावर आली हे दाखवायला त्यावरचा टपालाचा शिक्का लागणार आहे.