बंब धुमसतो, पाणी तापत नाही

प्रश्न : आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात, लोणारी कोळशावर तापतं. हल्ली बंब नुसता धुमसतो, न्हाणीघर काळंकुट्ट होतं आणि पाणी तापायला तास जातो. शिवाय लेक बाळंतपणाला आली आहे. बंबातले उरलेले निखारे शेगडीत घालून तिच्या खोलीत ठेवले तर चालेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बंबाला वारा खालून लागतो. जाळीची भोकं राखेनं बुजली की वारा कोंडतो आणि कोळसा पेटायचा सोडून धुमसतो. म्हणून रोज पेटवण्याआधी सळईनं एकेक भोक मोकळं करा. राखेवर आधी पाण्याचा हलका शिपका मारा, मग ती उडून कपड्यांवर बसत नाही. काढलेली राख पत्र्याच्या डब्यातच टाका. वरून गार दिसली तरी पोटात निखारा जिवंत असतो, प्लॅस्टिकच्या बादलीला हमखास भोक पडतं.

दर पंधरवड्याला, बंब गार असताना, काठीला काथ्या गुंडाळून मधला नळा वरून खाली घासा. काजळीचा थर चढला की आच पाण्याला लागत नाही, वरच्या तोंडानं निघून जाते. तुमचा तास बहुधा तिथेच जातो.

पेटवताना आधी बंब पाण्यानं भरायचा, मगच काडी लावायची. कोरड्या बंबाखाली जाळ झाला तर सांध्यांचा डाख वितळतो, मग तांबटाकडे खेपा. तळाला करवंटीचे दोन-तीन तुकडे, वर लिंबाएवढा कोळसा. 20 लिटर पाण्याला पाव ते अर्धा किलो पुरतो. चुरा मात्र टाकू नका, तो जाळी बुजवतो. चुऱ्यात शेण कालवून गोळे करा आणि उन्हात खडखडीत वाळवून वापरा. रॉकेल ओतायची सवय असेल तर सोडा, निम्मी काजळी त्याचीच. आणि बंब परसात नाहीतर उघड्या पडवीत ठेवा. बंद न्हाणीघरात पेटवू नका.

आता निखाऱ्यांचं. बाळंतिणीच्या बंद खोलीत ते मुळीच नेऊ नका. लालबुंद निखाऱ्याला धूर नसतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातली प्राणवायूची जागा तोच अडवतो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, गुंगी ही लक्षणं. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही. असं काही जाणवलं तर दोघांना आधी मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. शेकच द्यायचा असेल तर शेगडी अंगणातच ठेवा, तिथे तव्यावर फडकं गरम करा, हाताच्या पाठीला लावून बघा आणि मगच आत न्या.

उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडा. वाऱ्याविना विझतात, आणि तोच कोळसा दुसऱ्या दिवशी नव्यापेक्षा लवकर पेटतो.