सगळंच पिवळं

"मॅडम, रात्ररात्र वाचतो, तरी डोक्यात काही राहत नाही." राज्यसेवेची परीक्षा जवळ आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. हल्ली मी आधी विचारते, "जागतोस कशावर?"

परभणीकडचा एक मुलगा (ओळख बदलली आहे) सुरुवातीला "कॉफीवर" म्हणाला. तिसऱ्या भेटीत खरं सांगितलं. रूममेटला एडीएचडीसाठी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलं होतं, त्यातल्या गोळ्या हा घेत होता. भूक मेलेली, छातीत धडधड. गोळी उतरली की वडिलांच्या फोनवर खेकसायचा.

"पण गोळी घेतली की वाचलेलं सगळं महत्त्वाचं वाटतं."

मी वही मागितली. रात्री अडीचला वाचलेली 73वी घटनादुरुस्ती. पान वरपासून खालपर्यंत पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं, एक ओळ कोरी नाही.

"यातलं काय लक्षात ठेवायचं?"

बराच वेळ तो पानाकडे बघत राहिला. "सगळंच पिवळं झालंय हो."

त्या 'सगळंच'मधला 'च' मला ऐकू आला. मेंदूचा हायलायटर म्हणजे डोपामिन हे रसायन. ही गोळी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन पेशींत परत जाऊ देत नाही, म्हणून ते रेंगाळतं. एडीएचडी असलेल्याला डॉक्टरांच्या मात्रेत त्यानं चित्त स्थिरावतं. गरज नसताना, मनानं घेतलं की मात्र हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतात आणि झोप उडते. दिवसभराचं वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते मुख्यतः झोपेत. कॉफीचं वेगळं: कॅफिन थकव्याचा निरोप अडवतं, थकवा तिथेच असतो. घेतल्यावर साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात उरतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची: 'झालंच पाहिजे' हा हट्ट माणसाला छळतो. इतक्या वर्षांत एक खात्री झाली आहे: नुसतं गोळीशी भांडून गोळी सुटत नाही, तिच्यामागचा 'च' सोडवावा लागतो. याचा होता, "याच वर्षी पोस्ट निघालीच पाहिजे." चार भेटींनंतर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "निघावी अशी फार इच्छा आहे. नाही निघाली तर वाईट वाटेल, पण मी बाद होणार नाही." गोळ्या त्यानं मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवल्या. पहिले काही दिवस नुसता झोपला. ते अपेक्षितच होतं.

छातीत दुखणं, विनाकारण संशय, भास, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. आणि आईबाबांनो, फोनवर "किती झाला अभ्यास?" याआधी "काल किती वाजता झोपलास?" हे विचारा.