बेल्जियमचा पॉल फ्रेर एवढा चांगला रेसिंग ड्रायव्हर होता, तर फॉर्म्युला वनमध्ये त्याने पूर्ण वेळ करिअर का केलं नाही?

कारण त्याला दुसरं काम होतं आणि ते त्याला आवडायचं. गाड्या चालवून बघायच्या आणि त्यांच्यावर लिहायचं. पण ‘पूर्ण वेळ’ या शब्दाने माझी जुनी खपली निघाली.

मी पिंपरीत टूलरूमला, रविवारी डर्ट ट्रॅक, म्हणजे मातीवरच्या बाइक रेस. टीम माझ्या सख्ख्या मामांची. एका रविवारी सेकंड शिफ्ट करून, नुसता झेंडा दाखवायला गेलो होतो. सरावात आमचा पोरगा पडला, मनगट गेलं. मामा म्हणाले, "बस गाडीवर." बूट त्याचे, क्लचचा लिव्हर त्याच्या लांब बोटांना लावलेला. दुसऱ्याच लॅपला मी चिखलात. गाडी उचलायच्या आधी मामांनी सुनावलं, "नोकरदाराचं हे असंच. धड ना हे, धड ना ते." अजून लग्नकार्यात सांगतात.

आता फ्रेरचं बघा. 1956, बेल्जियममधला स्पा ट्रॅक. फेरारीचा ड्रायव्हर मुस्सो जखमी, म्हणून या लिहिणाऱ्या माणसाला गाडी दिली. घरच्या ट्रॅकवर पीटर कॉलिन्सच्या मागे दुसरा आला! 1952 पासून जेमतेम अकरा चॅम्पियनशिप रेस, त्यातली ही शेवटची. त्याच वर्षी ले माँच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये कंपनीची जॅग्वार त्याने दुसऱ्याच लॅपला आपटली. हो, दुसऱ्याच. म्हणून त्याला कुणी घरी बसवलं नाही. 1959 ला तिथेच अॅस्टन मार्टिनमधून दुसरा, 1960 ला ओलिव्हिए झांदबिएँबरोबर फेरारीतून तीच रेस जिंकला. वय 43. मग रेसिंग आवरतं घेतलं आणि नव्वदी गाठेपर्यंत गाड्यांवर लिहीत राहिला. कॉलिन्स आणि मुस्सो दोघंही 1958 मध्ये रेसमध्येच गेले.

तेव्हा नोकरी सोडू नका. तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो.

अर्थात आज फॉर्म्युला वनमध्ये असं पाहुण्यासारखं येऊन कुणी बसू शकत नाही. आणि फ्रेर म्हणजे मी नव्हे, तेही मान्य. मामांनी दुकान विकून टीम चालवली, त्यांचं दुखणं वेगळं.

पण मामा, हे वाचत असाल तर, ते बूट नऊ नंबरचे होते. माझा पाय सातचा.